आकाशातील धूर कोणाच्या खात्यावर?

‘दरडोई’ हा शब्द अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी भेटतो आणि पुढे जन्मभर त्याची पाठ सोडत नाही. दरडोई उत्पन्न, दरडोई धान्य, दरडोई कापड, दरडोई वीज अशा अनेक रूपांनी तो आपल्यासमोर येतो. त्याचा बाज इतका साधा असतो, की त्यामागे काही वाद असू शकेल अशी शंकाही मनात येत नाही. वर एकूण संख्या लिहावी, खाली लोकसंख्या लिहावी, भाग द्यावा, काम झाले! परंतु वर कोणती संख्या लिहायची आणि खाली कोणाची डोकी मोजायची, हे ठरविण्यातच निम्मे अर्थशास्त्र आणि बरेचसे राजकारण सामावलेले असते.

प्रस्तुत लेखकाला याची पुन्हा एकदा आठवण करून दिली ती एका विद्यार्थिनीने. वर्गात हवामानबदल आणि राष्ट्रांची जबाबदारी हा विषय चालू होता. विमानप्रवासामुळे निरनिराळ्या देशांत दरडोई किती कार्बन डाय ऑक्साइड, म्हणजे कर्बवायू, हवेत जातो याचे आकडे फळ्यावर लिहिले होते. संयुक्त अरब अमिरातींचा आकडा सर्वांत वर होता, भारताचा अगदी तळाशी. रत्नागिरी जिल्ह्यातून आलेली ही मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, माझे वडील शारजाला फिटर आहेत. दोन वर्षांतून एकदा घरी येतात. मग त्यांच्या विमानाचा धूर आपल्या आकड्यात धरलाय की तिकडच्या?”

वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातून होणारे दरडोई उत्सर्जन मोजायचे कसे, या विषयावर गेली तीस वर्षे जगातील सरकारे जे वाद घालीत आहेत, त्या सर्वांचे मूळ त्या एका प्रश्नात होते.

एस.टी.चा हिशेब, विमानाचा हिशेब

प्रथम मोजणीचा पाया पाहू. कोल्हापूरहून पुण्याला निघालेली एस.टी. साधारण २३० किलोमीटर धावते. लिटरला साडेचार किलोमीटर असे धरले, तर तिला सुमारे ५१ लिटर डिझेल लागेल. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कर्बवायू निर्माण होतो. म्हणजे एका खेपेस सुमारे १३७ किलो. गाडीत चाळीस उतारू असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेतीन किलोहूनही कमी. हा हिशेब सातवीतला विद्यार्थीही करील.

विमानाचा हिशेबही मुळात हाच आहे. विमानाचे इंधन म्हणजे शुद्ध केलेले रॉकेलच. ते एक किलो जळले की ३.१६ किलो कर्बवायू निर्माण होतो. एका किलोतून तीन किलो कसे निघाले, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. इंधनातील कर्बाच्या प्रत्येक अणूला हवेतील प्राणवायूचे दोन अणू येऊन चिकटतात, ही वाढ त्यांच्या वजनाची. हा ३.१६ चा गुणक रसायनशास्त्राने दिलेला आहे आणि मॉन्ट्रियल येथील आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना तोच वापरते. येथपर्यंत कोणाचाच मतभेद नाही. मतभेद सुरू होतो तो भागाकारापाशी.

मुंबई ते लंडन हे अंतर सरळ रेषेत सुमारे ७,२०० किलोमीटर. समजा, एका विमानाने या प्रवासात ५० टन इंधन जाळले. कर्बवायू झाला १५८ टन. विमानात २५० आसने आहेत आणि त्यांपैकी २०० भरलेली आहेत. तेव्हा प्रत्येकी ७९० किलो, असे म्हणून मोकळे होता येईल. पण विमानाच्या पोटात केवळ प्रवासी नसतात. तेथे आंबे असतात, औषधे असतात, तयार कपडे असतात, टपाल असते. या मालाचा वाटा प्रवाशाने का सोसावा? म्हणून उपर्युक्त संघटनेची पद्धत वजनाप्रमाणे वाटणी करते. प्रवासी आणि त्याचे सामान मिळून १०० किलो, शिवाय त्याच्यासाठी बसविलेले आसन वगैरे सरंजामाचे ५० किलो, असे धरून प्रवाशांचा आणि मालाचा हिस्सा वेगळा काढला जातो. आपल्या उदाहरणात मालाचा हिस्सा २० टक्के धरला, तर प्रवाशांच्या वाट्याला १२६.४ टन उरतात आणि प्रत्येकी ६३२ किलो येतात.

हे झाले सर्वांना समान मानून. पण विमानात सर्व समान नसतात, हे पडद्याच्या अलीकडे बसलेल्या प्रवाशाला सांगावयास नको. पडद्यापलीकडे बिझनेस क्लासचा प्रवासी आडवा होऊन झोपतो. त्याच्या एका शय्येच्या जागेत इकॉनॉमीची दोन-तीन आसने सहज बसली असती. ब्रिटिश सरकार दरवर्षी जे उत्सर्जनाचे गुणक प्रसिद्ध करते, त्यांत लांब पल्ल्याच्या प्रवासात बिझनेस क्लासच्या प्रवाशावर इकॉनॉमीच्या सुमारे २.९ पट आणि फर्स्ट क्लासच्या प्रवाशावर सुमारे ४ पट भार टाकलेला असतो. आपल्या विमानातील २०० प्रवाशांपैकी २० जण बिझनेस क्लासचे आहेत आणि प्रत्येकाचा भार तिप्पट आहे असे धरले, तर इकॉनॉमीच्या प्रवाशाचे ६३२ किलो उतरून ५२७ वर येतात आणि बिझनेसचा प्रवासी १,५८० किलोंवर जातो. विमान तेच, इंधन तेच, आकाशही तेच. भागाकाराची रीत बदलली आणि एका माणसाचा भार अडीच पट झाला.

याखेरीज आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्यावयास हव्यात. पहिली अंतराची. विमान नकाशावरच्या सरळ रेषेने जातेच असे नाही. २०१९ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानने आपल्या आकाशातून जाण्यास मनाई केली, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या विमानांना वळसा घालावा लागला. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांवर पुन्हा तोच प्रसंग आला. वळसा वाढला की इंधन वाढते. हिशेबाच्या कोष्टकात मात्र मुंबई, दिल्ली, लंडन ही गावे जागच्या जागीच असतात. म्हणून सरळ अंतरात काही किलोमीटरची भर घालण्याचा प्रघात आहे, पण ती भर ठरावीक असते, प्रत्यक्ष वळसा ठरावीक नसतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. निरभ्र आकाशात विमानामागे उमटणारी पांढरी रेघ लहानपणी आपण सर्वांनी कौतुकाने पाहिली आहे. ती रेघ बर्फाच्या सूक्ष्म कणांची असते. हवा पुरेशी थंड आणि दमट असेल, तर ती रेघ पसरते, तिचे विरळ ढग होतात आणि पृथ्वीची उष्णता अवकाशात निसटून जाण्यास ते अडथळा करतात. रात्री तर हा परिणाम निखळ तापविणाराच असतो. शिवाय इंजिनातून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात ती निराळीच. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाने १९९९ साली विमान वाहतुकीवर एक स्वतंत्र अहवाल काढून याकडे प्रथम जगाचे लक्ष वेधले. त्यानंतरच्या संशोधनाचा निष्कर्ष असा, की विमानवाहतुकीचा जो एकूण तापविणारा परिणाम आजवर झाला आहे, त्यातील कर्बवायूचा वाटा सुमारे एक-तृतीयांशच आहे, उरलेला या इतर गोष्टींचा. दीर्घकाळाच्या हिशेबासाठी हे परिणाम धरून कर्बवायूचा आकडा सुमारे १.७ ने गुणावा असे सुचविले जाते. तसे केले, की आपला ५२७ किलोंचा प्रवासी पुन्हा ९०० किलोंच्या घरात जाऊन बसतो.

सारांश, एकाच विमानातील एकाच आसनाचा आकडा ५२७ पासून ९०० पर्यंत कोठेही असू शकतो आणि त्यातील प्रत्येक आकडा आपापल्या गृहीतांनुसार बरोबर असतो. म्हणून आकडा सांगणाऱ्याने आपली गृहीते सांगितली पाहिजेत आणि ऐकणाऱ्याने ती विचारली पाहिजेत.

कोणाच्याही वहीत नसलेला धूर

प्रवाशाचा आकडा एकवेळ ठरला. आता देशाचा आकडा ठरवू गेले, तर त्याहून विलक्षण प्रकार दिसतो. प्रत्येक देश दर काही वर्षांनी आपल्या उत्सर्जनाचा हिशेब संयुक्त राष्ट्रांकडे सादर करतो. त्यात देशांतर्गत विमानांचा धूर असतो. पुण्याहून दिल्लीला गेलेले विमान भारताच्या बेरजेत येते. परंतु मुंबईहून लंडनला गेलेले विमान ना भारताच्या बेरजेत येते ना ब्रिटनच्या. त्याचा धूर ‘बंकर’ या नावाच्या स्वतंत्र रकान्यात, माहितीसाठी म्हणून, तेवढा नोंदविला जातो. घरखर्चाच्या वहीत एखादी रक्कम कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवावी आणि महिनाअखेरीस बेरीज करताना ती सोडून द्यावी, तसलाच हा प्रकार.

हा धूर देशांमध्ये वाटावा कसा, याचा विचार झालाच नाही असे नाही. १९९६ साली संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारांतर्गत असलेल्या तज्ज्ञ समितीपुढे आठ पर्याय होते. वाटणीच करू नये. प्रत्येक देशाच्या इतर उत्सर्जनाच्या प्रमाणात वाटावा. जेथे इंधन विकले गेले त्या देशावर टाकावा. विमान ज्या देशाचे त्या देशावर टाकावा. विमान जेथून निघाले वा जेथे उतरले त्यांच्यात वाटावा. प्रवासी किंवा माल जेथून निघाला वा जेथे पोहोचला त्यांच्यात वाटावा. प्रवासी ज्या देशाचा त्या देशावर टाकावा. ज्याच्या आकाशात धूर सोडला त्याच्या माथी मारावा. आठही पर्यायांवर चर्चा झाली, एकमत कोणत्याच पर्यायावर झाले नाही. १९९७ च्या क्योटो कराराने हा विषय मॉन्ट्रियलच्या संघटनेकडे सोपविला आणि २०१५ च्या पॅरिस कराराने त्याचा नामोल्लेखही केला नाही. आठ पर्यायांतला पहिला, म्हणजे वाटणीच न करण्याचा, आपोआप अमलात आला.

असे का व्हावे? कारण प्रत्येक पर्यायात कोणाचे तरी खाते फुगत होते. येथे आपल्या मनमाड जंक्शनची आठवण होते. मनमाडला रोज हजारो माणसे गाडी बदलतात. कोणी शिर्डीला जाते, कोणी नांदेडकडे, कोणी दौंडमार्गे दक्षिणेत. या साऱ्यांच्या प्रवासाचा खर्च जर मनमाडच्या रहिवाशांत वाटला, तर मनमाडकर हे जगातील सर्वांत प्रवासवेडे लोक ठरतील! विमान जेथून निघाले तो देश जबाबदार, हा नियम लावला की दुबईचे असेच होते. २०२४ साली दुबईच्या विमानतळावरून ९ कोटींहून अधिक प्रवाशांची ये-जा झाली. अमिरातींची सारी लोकसंख्या मात्र एक कोटीच्या आसपास. या उतारूंपैकी कित्येकांनी विमानतळाबाहेर पाऊलही टाकलेले नसते. २०१८ सालच्या आकडेवारीवरून केलेल्या गणनेत अमिरातींचे विमानप्रवासाचे दरडोई उत्सर्जन जवळजवळ दोन टन निघाले, त्याचे एक मोठे कारण हे आहे. आइसलंडची कथा थोडी निराळी, पण जातकुळी तीच. त्या देशाची वस्ती साडेतीन-चार लाखांची आणि २०१८ साली तेथे आलेले परदेशी पाहुणे सुमारे २३ लाख. पाहुण्यांच्या परतीच्या प्रवासाचा धूर यजमानांच्या डोक्यावर!

यावर उपाय नाही असे नाही. प्रवासी कोठला रहिवासी आहे हे पाहून त्याचा धूर त्याच्या देशाच्या खात्यावर टाकावा. पाहुण्यांचे वजा करावे, आपले लोक परदेशाहून परत येताना जो धूर सोडतात तो मिळवावा. काही अभ्यासकांनी पर्यटकांच्या आकड्यांच्या आधारे अशी दुरुस्ती करून पाहिली आहे. ती केली की आइसलंडचा आकडा झपाट्याने खाली येतो, आणि ज्या देशांतील लोक सुटीसाठी फार बाहेर जातात त्यांचा वर चढतो. ‘विमान कोठून निघाले’ या प्रश्नापेक्षा ‘प्रवास कोणी केला’ हा प्रश्न न्यायाच्या अधिक जवळ जाणारा आहे, यात शंका नाही.

सरासरीच्या पदराआड

आता भारताकडे वळू. २०१८ साली साऱ्या जगातील प्रवासी विमानांतून सुमारे ७५ कोटी टन कर्बवायू बाहेर पडला. जगाच्या लोकसंख्येने भागले तर माणशी सुमारे १०० किलो येतात. भारताचा त्याच वर्षाचा आकडा, देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय मिळून, माणशी वीस किलोंच्या आत होता. म्हणजे जगाच्या सरासरीच्या एक-पंचमांशाहूनही कमी. जागतिक व्यासपीठांवर आपण हा आकडा ठणकावून सांगतो आणि ते योग्यच आहे. किंबहुना हवामानाच्या वादात ‘दरडोई’ हे शस्त्र जगाच्या हाती दिले तेच मुळी भारतीयांनी. १९९० साली एका अमेरिकन संस्थेने देशांच्या एकूण उत्सर्जनाची यादी काढून भारताला मोठ्या अपराध्यांत बसविले, तेव्हा दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’चे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ साली त्याला सडेतोड उत्तर दिले. वातावरण ही साऱ्या मानवजातीची समाईक ठेव आहे, तेव्हा तिच्यातील वाटा माणशी मोजला पाहिजे. आणि जगण्यासाठी होणारे उत्सर्जन व चैनीसाठी होणारे उत्सर्जन यांना एकाच तागडीत तोलता कामा नये, हा त्यांचा मुद्दा होता. २०१२ साली युरोपीय संघाने आपल्याकडे येणाऱ्या परदेशी विमानांवरही कर्बाचा आकार बसवू पाहिला, त्या वेळी भारताने आणि चीनने केलेल्या कडाडून विरोधामागे हाच विचार होता. पुढे युरोपला तो आकार आपल्या खंडापुरता आवरता घ्यावा लागला.

परंतु जो न्याय आपण जगाकडे मागतो, तो घरात लावून पाहण्याची आपली तयारी आहे काय? येथे प्रस्तुत लेखकाला खरा प्रश्न दिसतो.

पर्यटन मंत्रालयाच्या आकड्यांप्रमाणे २०१९ साली भारतीय नागरिकांनी २.६९ कोटी वेळा देशाबाहेर प्रयाण केले. ही प्रयाणे आहेत, माणसे नव्हेत. वर्षातून सहा वेळा सिंगापूरला जाणारा व्यापारी येथे सहा वेळा मोजलेला आहे. तरीही प्रत्येक जण एकदाच गेला असे उदार मनाने धरू. मग शंभर भारतीयांतील दोन जण त्या वर्षी परदेशी गेले आणि अठ्ठ्याण्णव जण गेले नाहीत, असे ठरते. प्रत्यक्षात जाणारे दोनाहूनही कमी. आता माणशी वीस किलोंचा आकडा पुन्हा पाहा. तो कोणाचा आहे? गडचिरोलीच्या मजुराने एक किलोही धूर आकाशात सोडलेला नाही. पण भागाकाराच्या वेळी त्याचे डोके मोजले गेले आणि त्यामुळे मुंबईच्या व्यापाऱ्याचा आकडा लहान झाला. गरिबाच्या मोठ्या संख्येने श्रीमंताच्या मोठ्या वाट्यावर पांघरूण घातले. गरिबाला याचा मोबदला काय मिळाला? काहीही नाही.

हे केवळ भारतात घडते असेही नव्हे. स्टेफान गॉसलिंग आणि आंद्रेआस हुंपे या दोन अभ्यासकांनी २०२० साली जगाचा अंदाज मांडला. २०१८ साली जगातील सुमारे ११ टक्के लोकांनीच विमानप्रवास केला. देशाची सीमा ओलांडणारा विमानप्रवास करणारे तर २ ते ४ टक्केच. आणि व्यापारी विमानवाहतुकीच्या एकूण धुरापैकी निम्म्या धुराला जगातील अवघे एक टक्का लोक कारणीभूत आहेत. ज्या वस्तूचा वापर इतक्या थोड्यांच्या हाती एकवटला आहे, तिच्या बाबतीत ‘राष्ट्राची दरडोई सरासरी’ हे माप काही सांगण्यापेक्षा बरेच काही लपविते, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

या एक-दोन टक्क्यांवर दुरून टीका करणे सोपे आहे. पण प्रस्तुत लेखक स्वतः त्यांत मोडतो. २०१९ साली तीन दिवसांच्या एका परिषदेसाठी तो मुंबईहून लंडनला जाऊन आला. पंधरा मिनिटांचा निबंध वाचला, चहा घेतला, परतला. वरील हिशेबाने त्या जाण्यायेण्याचा केवळ कर्बवायूच एक टनाहून अधिक होतो. सरासरी भारतीय माणूस वीज, वाहन, कारखाने सारे धरून वर्षाला सुमारे दोन टन कर्बवायूला कारण होतो. म्हणजे त्या पंधरा मिनिटांसाठी एका भारतीयाचे सहा महिने खर्ची पडले. कोल्हापूर-पुणे एस.टी.ने तेवढा धूर करायचा, तर सुमारे तीनशे खेपा माराव्या लागतील. बिझनेस क्लासने गेलो असतो, तर एका भारतीयाचे दीड वर्ष संपले असते. तिकिटावर भाडे होते, विमानतळाचा आकार होता, सामानाचे वजनही किलोत छापलेले होते. हा एक टन मात्र कोठेही नव्हता.

कर कोण भरतो?

हा प्रश्न निव्वळ नैतिक आहे असे कोणी मानू नये. त्यात पैसा गुंतलेला आहे. कोल्हापूरच्या त्या एस.टी.च्या डिझेलवर केंद्राचे उत्पादनशुल्क आहे, राज्याचा विक्रीकर आहे. तो अखेर भाड्यातून उतारूच भरतो. याउलट आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी भरलेल्या इंधनावर बहुतेक देशांत असा कर नाही. १९४४ च्या शिकागो कराराने परदेशातून येणाऱ्या विमानाच्या टाकीतील इंधनाला जकातमाफी दिली. त्या काळी ही नवी वाहतूक जगवायची होती. पुढे देशादेशांतील करारांनी ही माफी नव्याने भरलेल्या इंधनापर्यंत नेली. ऐंशी वर्षे उलटली, ते रोपटे वटवृक्ष झाले, कुंपण मात्र अजून जागेवर आहे. बाजाराला जाणारी म्हातारी आपल्या इंधनावर कर भरते आणि लंडनला जाणारा प्राध्यापक भरत नाही, ही वस्तुस्थिती कोणत्याही करशास्त्रात बसणारी नाही.

मॉन्ट्रियलच्या संघटनेने २०१६ साली ‘कोर्सिया’ नावाची योजना स्वीकारली. आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीचे उत्सर्जन २०१९ च्या पातळीच्या ८५ टक्क्यांवर जेवढे जाईल, त्याची भरपाई विमान कंपन्यांनी अन्यत्र उत्सर्जन कमी करणाऱ्या प्रकल्पांची प्रमाणपत्रे विकत घेऊन करावी, असे तिचे आजचे स्वरूप आहे. भारताने ऐच्छिक टप्प्यात भाग घेतला नाही. २०२७ पासूनच्या सक्तीच्या टप्प्यात तो सामील होणार असे सरकारने जाहीर केले आहे. ही योजना कंपन्यांचा हिशेब ठेवते, माणसांचा नाही. कंपनीवर पडलेला बोजा ती सर्व तिकिटांवर सारखाच पसरू शकते. तसे झाले, तर दोन वर्षांतून एकदा घरी येणारा फिटर आणि महिन्यातून दोनदा उडणारा व्यापारी यांना एकाच दराने तो सोसावा लागेल.

म्हणूनच दरडोई मोजणी खऱ्या अर्थाने ‘डोई’पर्यंत नेणे आवश्यक आहे. त्यासाठी तीन गोष्टी सहज करता येण्यासारख्या आहेत. पहिली, आंतरराष्ट्रीय तिकिटावर त्या प्रवासाचे आणि त्या वर्गाचे उत्सर्जन एका ठरलेल्या पद्धतीने छापणे. कर्बवायूचा आकडा वेगळा आणि इतर परिणामांचा वेगळा. दुसरी, भारतात राहणाऱ्या प्रवाशांचे एकूण उत्सर्जन सरकारने दरवर्षी प्रसिद्ध करणे, आणि एकदा जाणारे किती, पाचदा जाणारे किती, अशी त्याची फोड देणे. पासपोर्टची नोंद प्रत्येक प्रयाणाच्या वेळी होतच असते. नावे न सांगता ही फोड देणे अवघड नाही. तिसरी, जो काही आकार बसवायचा तो वर्षातील पहिल्या परतीच्या प्रवासावर बसवू नये, त्यापुढील प्रत्येक प्रवासावर चढत्या दराने आणि वर्ग पाहून बसवावा.

यातील कोणतीच कल्पना आकाशातून पडलेली नाही. फ्रान्सने २००६ साली गरीब देशांतील औषधांसाठी विमानतिकिटावर आकार बसविला, तेव्हा युरोपबाहेर जाणाऱ्या इकॉनॉमीच्या प्रवाशाला ४ युरो आणि बिझनेसच्या प्रवाशाला ४० युरो असा दर ठेवला होता. आपल्याकडेही वस्तू आणि सेवा कराचा दर इकॉनॉमीच्या तिकिटावर ५ टक्के आहे आणि वरच्या वर्गांवर तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चा १८ टक्के झाला. म्हणजे वर्गाप्रमाणे भेद करण्याचे तत्त्व आपल्या कायद्यालाही मान्य आहे. धुराचा विचार त्यात आलेला नाही, एवढेच.

यावर आक्षेप येतील आणि त्यांतील एक वजनदार आहे. आपण होऊन असा हिशेब मांडला, तर श्रीमंत राष्ट्रे तोच कागद आपल्यापुढे नाचवतील आणि भारताचा विकासाचा हक्क हिरावून घेतील, असे म्हटले जाईल. ही भीती निराधार नाही. परंतु विचार केल्यास याउलट घडणे अधिक संभवनीय वाटते. ‘आमच्या देशातील गरीब फार थोडा धूर सोडतो’ हे वाक्य, ‘आणि आमच्या देशातील जो फार सोडतो त्याच्याकडून आम्ही वसूल करतो’ या दुसऱ्या वाक्यानिशी उच्चारले, तर त्याचे बळ वाढते. पहिले वाक्य एकटे उभे राहिले, की त्याच्या आड कोण लपले आहे हे जगाला दिसतच असते. दुसरा आक्षेप असा, की आज परदेशी मुले असलेले आईबाप, शिकावयास जाणारे विद्यार्थी, नोकरीसाठी जाणारे कामगार अशा सामान्य लोकांनाही विमान परवडू लागले आहे. नेमके म्हणूनच पहिला प्रवास मोकळा ठेवावयाचा. जगण्यासाठी केलेला प्रवास आणि चैनीचा प्रवास यांत अंतर करण्याचा दुसरा सोपा मार्ग प्रस्तुत लेखकाला तरी दिसत नाही.

त्या दिवशी वर्गात त्या मुलीला जे उत्तर दिले, ते असे: तुझे वडील शारजाहून घरी येतात तेव्हा त्यांचा धूर अमिरातींच्या आकड्यात पडतो, परत जातात तेव्हा भारताच्या. आणि दोन्ही देश आपली अधिकृत बेरीज करतात तेव्हा तो कोणाच्याच आकड्यात नसतो. ती क्षणभर विचार करून म्हणाली, “म्हणजे ते कुठेच मोजले जात नाहीत.”

ते मोजले गेले, तर त्यांचे काहीच बिघडणार नाही, कारण त्यांचा आकडा लहान आहे. मोजणी नको असेल ती ज्यांचा आकडा मोठा आहे त्यांना. त्या बाजूला बसलेल्यांत सुशिक्षित मध्यमवर्गीय म्हणून आपणही आहोत, हे मान्य करून पेन्सिलीने लिहिलेली ती रक्कम शाईने बेरजेत घेण्याची वेळ आता आली आहे.